जमिनीला लागते तेवढीच ताकद

रामनवमीची यात्रा पांगली की माझ्या वर्कशॉपवर एकच प्रश्न घेऊन माणसं यायला लागतात. "मिस्तरी, किती एचपीचं घ्यावं?" कापसाचा शेवटचा पैसा हातात आलेला असतो, कारखान्याचं उसाचं बिल जमा झालेलं असतं, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त समोर असतो. किंमत, हप्ता, कंपनी, रंग या सगळ्याच्या आधी अश्वशक्तीचा आकडा येतो. शेजाऱ्यानं 45चा घेतला असेल तर आपल्याला 50चा पाहिजे, त्यानं 50चा घेतला असेल तर 55चा. या प्रश्नाला उत्तर देता देता माझं एक मत पक्कं झालं आहे. इंजिनात असते ती सगळी ताकद आपली नसते, जमिनीला लागते तेवढीच आपली. बाकीची डिझेल पिते आणि हप्ता वाढवते.

जांब समर्थ हे घनसावंगी तालुक्यातलं गाव. समर्थ रामदासांचा जन्म इथला, 1608 सालच्या रामनवमीचा. समर्थांनी मारुतीची उपासना सांगितली, बळ कमवायला सांगितलं, आणि बळाइतक्याच आग्रहानं युक्ती आणि सावधपणाही सांगितला. त्यांच्या जन्मगावात माणसांना ताकद निवडायला मदत करणं हे माझं काम आहे, आणि ते मी मनापासून करतो. आयटीआयला ट्रॅक्टर मेकॅनिकचा ट्रेड केला, जालन्यात एका शोरूमच्या वर्कशॉपला उमेदवारी केली, मग इकडे स्वतःचं शटर उघडलं. शोरूममध्ये ट्रॅक्टर नवा असताना दिसतो. माझ्याकडे तो चार-पाच हंगाम झाल्यावर येतो, क्लच प्लेट झिजलेली, लिफ्ट उतरत चाललेली, मालकाच्या कपाळावर आठ्या. निवड बरोबर होती की नाही, हे खरं तर तेव्हा कळतं.

आधी त्या आकड्याविषयी. वाफेच्या इंजिनाची ताकद गिऱ्हाइकांना समजावी म्हणून जेम्स वॉटनं अठराव्या शतकात घोड्याचं माप वापरलं. आपल्याकडच्या माहितीपत्रकातली एक अश्वशक्ती म्हणजे 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याइतकी ताकद. आमच्या भागात घोड्याला कोणी नांगराला जुंपलं नाही, म्हणून मी बैलांवर सांगतो. चांगल्या बैलजोडीची दिवसभर टिकणारी ताकद साधारण एक अश्वशक्ती. म्हणजे 50 एचपीचा ट्रॅक्टर म्हणजे 50 बैलजोड्या. ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. मग मी विचारतो, या 50 जोड्या एकाच नांगराला जुंपल्या तर सगळ्यांचे पाय रोवतील का? निम्म्या जोड्या नुसत्या घसरतील, वैरण मात्र पन्नास जोड्यांची लागेल.

एचपीचा आकडा दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतो. एक, दांडा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क. दुसरी, इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे. समजा एखादं इंजिन 170 न्यूटन-मीटरचा जोर देतं. तो जोर 1800 फेऱ्यांवर मोजला तर ताकद 44 एचपीच्या जवळ भरते. तेवढाच जोर 2200 फेऱ्यांवर टिकवला तर तीच ताकद 53 एचपी होते. दांड्यावरचा जोर तसाच राहिला आणि पत्रकावरचा आकडा नऊनं वाढला. हा वाढलेला आकडा खोटा नाही, गिअरमधून तो उपयोगी पडतो, पण त्यासाठी इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर ठेवावं लागतं. नांगरताना मध्येच घट्ट पट्टा लागतो, इंजिन दबतं, फेरे उतरतात. फेरे उतरत असताना ज्या इंजिनाचा जोर वाढतो, ते इंजिन गिअर न बदलता तो पट्टा ओलांडून जातं. सेल्समन याला बॅकअप टॉर्क म्हणतात. शेतकरी म्हणतो, "हे लोड घेतं." शेतकऱ्याला पाहिजे असतं ते हेच, आणि ते बॉनेटवर लिहिलेल्या आकड्यात दिसत नाही.

इंजिनापासून पुढे ताकद वाटेत गळत जाते. इंजिनाला 50 असेल तर मागच्या पीटीओच्या दांड्यावर 42 ते 45 मिळते. रोटाव्हेटर, फवारणीचा पंप, मळणीयंत्र यांना हीच ताकद लागते, म्हणून रोटाव्हेटर पाच फुटी घ्यायचा की सहा फुटी हे पीटीओच्या आकड्यावर ठरवायचं. नांगर, मोगडा, ट्रॉली ओढायची म्हटलं तर ताकदीला गिअरबॉक्स, डिफरेन्शियल आणि शेवटी टायर यांतून जावं लागतं. भुसभुशीत रानात त्यातली निम्म्याच्या आसपासच हुकापर्यंत पोचते. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची शेतीयंत्रं तपासणारी संस्था आहे. तिथे ट्रॅक्टरचे नमुने चाचणीला जातात आणि पीटीओवरची ताकद, हुकावरची ओढ, चाकांची घसरण, तासाला लागणारं डिझेल, ब्रेक, आवाज, हादरे असं सगळं मोजून अहवाल निघतो. माझ्याकडे येणाऱ्याला मी सांगतो, भाऊ, पत्रकावरचा मोठा आकडा बाजूला ठेवा आणि शोरूमवाल्याकडे बुदनीचा अहवाल मागा. ज्याला इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो त्याच्यासोबत बसून मी तो वाचून देतो. दोन ट्रॅक्टरांचे अहवाल शेजारी ठेवले की पाच एचपीचा फरक कधी कधी हुकावर दीड-दोन एचपीचाच उरतो, तर कधी हलक्या आकड्याचा ट्रॅक्टर जास्त ओढताना दिसतो.

याचं कारण आमच्या मातीत आहे. गोदावरीकडे उतरत जाणारं हे रान बहुतेक काळं, भारी. उन्हाळ्यात भेगा पडतात त्यांत हात जातो, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तीच माती चाकाला अशी धरते की टायरच्या खाचा दिसत नाहीत. अशा जमिनीत ताकदीच्या आधी वजन लागतं. चाक थोडं घसरणारच, दहा-पंधरा टक्के घसरण चालते, त्याहून जास्त झाली की टायर माती खोदायला लागतो. एक तरुण शेतकरी नवा, जास्त एचपीचा ट्रॅक्टर घेऊन आला होता. तक्रार अशी की नांगराला दम धरत नाही, चाकं फिरतात आणि धूर निघतो. इंजिन तपासलं, काही दोष नव्हता. अंगानं ट्रॅक्टर हलका होता आणि मागे तीन फाळांचा पलटी नांगर लावला होता. मागच्या टायरांत पाणी भरलं, चाकांना वजनं बसवली, लिफ्टचा ड्राफ्ट कंट्रोल जुळवून दिला. ट्रॅक्टर ओढायला लागला. पण हे वजन चढवल्यावर वखरणीला, पेरणीला तोच ट्रॅक्टर जमीन दाबायला लागला, तेव्हा पेरणीच्या आधी पाणी काढायचं आणि नांगरटीला पुन्हा भरायचं असं त्याला शिकवावं लागलं. मोठं इंजिन विकत घेताना त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. ताकद, वजन आणि अवजार या तिघांचा मेळ बसला तरच एचपी कामाला येते.

याचा अर्थ मोठा ट्रॅक्टर घेऊच नये असा नाही. जायकवाडीचा डावा कालवा या पट्ट्यातून गेला, तसा ऊस वाढला. अंकुशनगरचा समर्थ कारखाना आणि तीर्थपुरीचं त्याचं युनिट, दोन्हीकडे हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. ऊस वाहतुकीचा करार करणारे दोघे भाऊ सल्ल्याला आले, तेव्हा मी त्यांना स्वतःहून 50च्या वर जायला सांगितलं. थोरला म्हणाला, "मिस्तरी, तुम्ही तर समद्यांला लहान घ्या म्हणता." मी म्हटलं, तुमचं काम वेगळं आहे. दोन ट्रॉल्या भरल्या की मागे वीस टनांच्या पुढे वजन जातं, ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा. ओल्या फडातून ती जोडी रस्त्यावर काढायची, चढाला पुढची चाकं उचलू द्यायची नाहीत, आणि उताराला थांबवायची. या तिसऱ्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ बोललो. ओढणाऱ्या ताकदीबद्दल सगळे विचारतात, थांबवणाऱ्या ताकदीबद्दल कोणी विचारत नाही. तेलात बुडालेले ब्रेक, पुढचं वजन, ट्रॉलीला रिफ्लेक्टर, मागचा लाइट, या गोष्टी त्या कामात दहा एचपीपेक्षा मोलाच्या आहेत. त्या भावांनी जड अंगाचा, मोठ्या इंजिनाचा ट्रॅक्टर घेतला, तो महिनोन्महिने रोज पूर्ण ताकदीनं राबतो आणि स्वतःची किंमत फेडतो. जिथे ताकद रोज लागते तिथे ती विकत घेणं हाच शहाणपणा.

पण बहुतेकांचं काम तसं नसतं. पाच-दहा एकरांचा माणूस वर्षातून एकदा खोल नांगरट करतो, थोडे दिवस रोटाव्हेटर चालवतो, बाकी वर्षभर मोगडा, पाळी, पेरणी, फवारणी, शेणखताची ट्रॉली आणि बाजार. विकत घेताना मात्र त्याच्या डोळ्यांसमोर तो एकच जड दिवस असतो. त्या एका दिवसासाठी घेतलेलं मोठं इंजिन उरलेल्या दिवसांत अर्ध्या ओझ्यावर फिरतं, आणि मोठं इंजिन हलकं काम करतानाही छोट्यापेक्षा जास्त डिझेल पितं. जड दिवसाची ताकद भाड्यानं मिळते. गावात मोठे ट्रॅक्टर आहेत, नांगरटीचा एकरी दर ठरलेला आहे. रोजच्या कामाची ताकद घरात असावी आणि वर्षातून एकदा लागणारी बाहेरून आणावी, हा हिशोब मी कागदावर मांडून दाखवतो.

आमच्या भागातल्या एका ताईंनी मला हा हिशोब करताना पाहिलं आणि त्याच्याही पुढचे प्रश्न विचारले. घरची शेती त्या स्वतः बघतात, निम्म्या रानात मोसंबी, उरलेल्यात कापूस आणि तूर. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि बाग म्हटली की ट्रॅक्टर दोन झाडांच्या ओळींतून जायला पाहिजे, फांदी न मोडता वळायला पाहिजे. त्यांनी एचपी विचारलीच नाही. विचारलं ते असं: याची रुंदी किती? बांधाजवळ किती जागेत वळतो? क्लच माझ्या पायानं दाबला जाईल का? क्लच प्लेट केवढ्याला मिळते, आणि ती घनसावंगीत मिळते की जालन्याहून मागवावी लागते? ऐन पेरणीत बंद पडला तर कोण येईल आणि किती वेळात येईल? शेवटचा प्रश्न त्यांनी शोरूमलाही विचारला, आणि जिथे सरळ उत्तर मिळालं तिथूनच ट्रॅक्टर घेतला. 30 एचपीच्या आतला, अरुंद अंगाचा, बागेत सहज फिरणारा. खोल नांगरट त्या भाड्यानं करून घेतात. त्यांचा ट्रॅक्टर माझ्याकडे तेल आणि फिल्टर बदलण्यापुरता येतो. ज्यांना ट्रॅक्टर घ्यायचा आहे त्यांना मी ताईंचे प्रश्न शब्दशः सांगतो.

'बंद पडला तर कोण येईल' या प्रश्नाचं वजन समजायला वाफसा समजावा लागतो. मृगाचा पाऊस पडला की लगेच रानात जाता येत नाही, चिखल असतो. मग जमीन जरा आवळते, हातात घेतलेली माती चिकटत नाही आणि फुटतेही नाही, तो वाफसा. भारी जमिनीत तो थोडे दिवस टिकतो. तेवढ्यात पेरलं तर बी बरोबर ओलीवर पडतं. त्या दिवसांत गावातलं प्रत्येक यंत्र रानात असतं, उसनं मिळत नाही, भाड्यानं मिळत नाही. त्या वेळी शेडमध्ये उभ्या असलेल्या 60 एचपीच्या ट्रॅक्टरची ताकद शून्य असते, आणि शेजारच्या रानात धडधडणाऱ्या जुन्या 35ची ताकद पूर्ण 35. भरवसा हा ताकदीच्या पलीकडचा वेगळा गुण आहे असं मी मानत नाही. हंगामभराची ताकद मोजायची तर भरवशानंच मोजावी लागते.

इथे 50 एचपीची रेघ महत्त्वाची आहे. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे ट्रेम 4 नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी या ट्रॅक्टरांत कॉमन रेल इंजिन, सेन्सर आणि इंजिनाचा संगणक आला. इंजिन स्वच्छ झालं, आवाज कमी झाला, डिझेल मोजून जळायला लागलं, हे सगळं चांगलंच आहे. पण दुरुस्तीची पद्धत बदलली. जुन्या पद्धतीच्या पंपाचा नोझल दोनशे बारच्या आसपास उघडतो, तो मी पाने-पक्कडीनं खोलून तपासून बसवतो. कॉमन रेलमधला दाब हजार बारच्या वर असतो, तिथे लॅपटॉप लावल्याशिवाय दोष वाचता येत नाही आणि पाण्याचा थेंबही इंजेक्टरला सोसत नाही. खेड्यात डिझेल ड्रममध्ये साठवतात. एका वर्षी ऐन पेरणीत एक मोठा ट्रॅक्टर रानाच्या कडेला उभा राहिला, डॅशबोर्डवर लाल दिवा. ड्रमच्या तळाचं पाणी डिझेलबरोबर टाकीत गेलं होतं. लॅपटॉप घेऊन माणूस येईपर्यंत आणि भाग मिळेपर्यंत वाफसा गेला. मालकानं मग जुन्या ट्रॅक्टरवाल्याला हात जोडून उरलेली पेरणी उरकली. तेव्हापासून 50च्या पुढे जाणाऱ्या प्रत्येकाला मी तीन गोष्टी करायला लावतो: डिझेल गाळून भरायचं, पाणी वेगळं करणारा फिल्टर वेळेवर रिकामा करायचा, आणि लॅपटॉपवाला माणूस किती लांब राहतो ते खरेदीच्या आधी विचारायचं. मी स्वतःही ते काम शिकतो आहे, कारण पुढचे ट्रॅक्टर तसेच येणार आणि माझ्या गिऱ्हाइकांना मी वाऱ्यावर सोडणार नाही.

हाच विचार मोटारीलाही लागू पडतो, हे मला माझ्या भाच्यामुळे नीट मांडता आलं. तो पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, गाड्यांचा लहानपणापासून शौकीन. एके दिवशी फोन आला, "मामा, दोन दारांची स्पोर्ट्स कार बघतोय, सेकंडहँड आहे, 250च्या वर हॉर्सपॉवर. काय म्हणता?" ट्रॅक्टरवाल्याला स्पोर्ट्स कारविषयी विचारतोस, असं त्याला कोणी म्हणालं असतं तर मी लॅम्बोर्गिनीचं नाव घेतलं असतं. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा इटलीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक. युद्धानंतर लष्करानं टाकून दिलेल्या सामानातून त्यानं ट्रॅक्टर बांधले, 1948 साली ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि 1963 साली स्पोर्ट्स कारची. आपल्या फेरारीचा क्लच वारंवार त्रास देतो, तो उघडून आपण पाहिला आणि त्यातूनच स्वतःची गाडी बनवायचं ठरवलं, असं तो सांगत असे. वेगाच्या जगातलं एवढं मोठं नाव उभं राहिलं ते क्लचच्या भरवशाच्या प्रश्नावरून, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

भाच्याला मी तेच विचारलं जे शेतकऱ्याला विचारतो. वर्षातले किती दिवस ही ताकद वापरशील, आणि कुठे? तो म्हणाला, समृद्धी महामार्गावर. बरोबर, आता आपल्या जिल्ह्यातून तो रस्ता जातो, आणि त्यावर वेगाची मर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे. त्या वेगानं साधी मोटार सपाट रस्त्यावर चालती ठेवायला 30-40 एचपी पुरते. बाकीची ताकद वेग पटकन गाठायला आणि पुढच्या वाहनाला ओलांडायला कामाची, पण 250 कधी लागणार? पुढे विचारलं, गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच? समृद्धी सोडल्यावर जांबपर्यंतचा रस्ता तुला माहीत आहे, प्रत्येक गावाच्या तोंडाशी गतिरोधक आहेत. टायरची बाजू किती पातळ? खड्ड्यात रिम वाकली तर तो टायर जालन्यात मिळेल का? मागच्या सीटवर तुझी आई बसेल का, तिचे गुडघे दुखतात. गाडी पुण्यात बिघडली तर ठीक, इथे बिघडली तर टेम्पोवर चढवून कुठे न्यायची?

तो गप्प झाला. मग मी त्याला हेही सांगितलं की वेगाचा आनंद फक्त आकड्यात नसतो. जपानच्या माझदा कंपनीनं 1989 साली एमएक्स-5 ही छोटी दोन सीटर गाडी काढली. 1.6 लिटरचं इंजिन, 115 एचपीच्या आसपास ताकद, वजन एक टनाच्या आत. कितीतरी जास्त ताकदीच्या गाड्या बाजारात असताना ती जगभर खपली, 2016 साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. हलकं अंग, साधं इंजिन, चांगला गिअर आणि मिळणारे सुटे भाग, हे तिचं बळ. आपल्या जवळ गोव्यातही सॅन मोटर्सनं स्टॉर्म नावाची दोन सीटर गाडी बनवली होती, फायबरच्या अंगाची, 1.2 लिटर इंजिन आणि सुमारे 60 एचपी. ताकद थोडी, पण अंग हलकं. अशा थोड्या संख्येनं बनलेल्या गाड्यांच्या मालकाला सुटे भाग शोधत फिरण्याची तयारी मात्र ठेवावी लागते, आणि तोही हिशोबातलाच भाग.

भाच्यानं शेवटी 120 एचपीच्या आसपासची, हातानं गिअर टाकायची, टर्बो इंजिनाची चार दारांची छोटी गाडी घेतली. तिचं सर्व्हिस सेंटर छत्रपती संभाजीनगरला आहे, टायर जालन्यात मिळतो. ती चालवताना त्याचा चेहरा मी पाहिला आहे, त्याला काही कमी पडलं असं वाटत नाही. घरी दुसरी गाडी असती, आईला न्यायची सोय वेगळी असती, दुरुस्तीला बाजूला काढलेले पैसे असते, तर मी त्याला ती 250ची गाडी घे म्हटलं असतं. चालवण्यातला आनंद हेही गाडीचं एक काम आहे, आणि ते काम ज्याला परवडतं त्यानं ते खुशाल विकत घ्यावं. मी विरोध करतो तो आकड्यावर भाळून बाकीचे प्रश्न न विचारण्याला.

आकड्याची ओढ का लागते हे मला समजतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचे वडील बैलांमागे चालले, कर्ज काढून बैल घेतले, 1972च्या दुष्काळात ते विकले. त्या घरात मोठा ट्रॅक्टर उभा राहतो तेव्हा त्याची पूजा होते, पाहुणे बघायला येतात, पोरगा स्टेअरिंगवर बसून फोटो काढतो. त्या अभिमानाला मी कधी कमी लेखत नाही. पण हाच जिल्हा 2012-13 साली असा वाळला की मोसंबीच्या उभ्या बागा तोडाव्या लागल्या. ट्रॅक्टरचा हप्ता पाऊस बघत नाही. गरजेपेक्षा दहा एचपी जास्त घेण्यात जो फरक जातो तो चांगल्या वर्षात कळत नाही, वाईट वर्षात तोच फरक घर हलवतो. म्हणून अभिमानाची गोष्ट मी दुसरीकडे नेऊन दाखवतो: ज्याचा ट्रॅक्टर कर्ज फिटल्यावरही दहा-बारा वर्षं चालतो, वाफशाच्या दिवशी पहिल्या सेल्फला सुरू होतो आणि गल्लीतल्या दुसऱ्याचीही पेरणी करून देतो, त्याच्या घरी पाहुण्यांनी जावं.

हल्ली मी विचारणाऱ्याला लगेच उत्तर देत नाही. एक कागद देतो. त्यावर वर्षातली कामं लिहायची, प्रत्येक कामाचे दिवस लिहायचे, कोणतं काम भाड्यानं होतं त्यावर खूण करायची. घरातली अवजारं लिहायची, कारण नवा ट्रॅक्टर जुन्या रोटाव्हेटरला जुळला नाही तर खर्च दुप्पट. मग ज्या गावात तो ट्रॅक्टर चार-पाच हंगाम चाललेला आहे तिथे जाऊन मालकाला भेटायचं, शोरूमवाल्याच्या ओळखीतल्या मालकाला टाळून. क्लच, फिल्टर, लिफ्टचं काम किती वेळा निघालं ते विचारायचं. बयाणा देण्याआधी ट्रॅक्टर आपल्या रानात मागवायचा, आपलंच अवजार जोडायचं, टाकी गळ्यापर्यंत भरायची, एक एकर करायचा आणि पुन्हा गळ्यापर्यंत भरून किती डिझेल लागलं ते बघायचं. मागे वळून टायरचा ठसा बघायचा, तो स्वच्छ उमटला आहे की माती खरवडून गेली आहे. चालवणारा रोज जो माणूस असणार, त्यालाच सीटवर बसवायचं. इतकं करून माणूस परत येतो तेव्हा त्याच्या प्रश्नात फरक पडलेला असतो. आधी ब्रेक, मग वजन, मग सुटे भाग, मग येणारा मिस्तरी, आणि सगळ्यात शेवटी एचपी. असा शेवटी ठरलेला आकडा, मोठा असो की लहान, सहसा बरोबर निघतो.